शेडवरचा आवाज

मालकाचा धाकटा पुण्याहून शिकून आलाय.
परवा वजनकाट्याशी उभा राहून म्हणाला,
"ताई, तुमचं एक असं धोरणच नाही.
एकीवर ओरडता, दुसरीला नुसती मान हलवता,
तिसरीच्या शेजारी तासभर बसून राहता.
माणसांना कळायला नको का, वरचा माणूस कसा आहे ते?"

बघते, म्हटलं.
आणि रात्री धुरीच्या खोलीला कडी घालताना
मागचे हंगाम उलगडत गेले.

पहिल्या वर्षी वाटायचं,
सगळ्यांशी सारखं वागलं की झाला न्याय.
म्हणून हौसाक्काच्या, जिची बोटं
डोळ्यांच्या आधी काडी ओळखतात,
तिच्याही हातात मी कागद ठेवला:
एक, देठ काढणे. दोन, काळा मणी बाजूला.
तिनं कागदाची घडी घातली,
कमरेच्या पिशवीत तंबाखूशेजारी सारली
आणि तीन दिवस कामावर आली नाही.

पुढच्या वर्षी मी दुसऱ्या टोकाला जाऊन बसले.
रेश्मा मुलाणी आली, बारावी झालेली,
पायात नुसती भिंगरी.
तिला म्हटलं, धुरी तू बघ, जमेल तसं.
मला वाटलं, विश्वास टाकला.
विश्वास नव्हता तो. माझा कंटाळा होता,
इस्त्रीचे कपडे घालून आलेला.
गंधक दुप्पट पडला.
हिरवा माल सकाळी पिवळा,
दाणा तोंडात टाकला की घसा धरायचा.
रेश्मा रडली नाही. एवढंच म्हणाली,
"किती टाकायचा, ते कुणी सांगितलंच नव्हतं."

मालनचं निराळंच.
काम हातात होतं, हात मात्र तिचे राहिले नव्हते.
काय झालं होतं, तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
तिच्या ताटाशी बसून निवडत राहिले,
माझा ढीग तिच्याहून लहान.
चौथ्या दिवशी ती खाली बघतच बोलली,
"ही चाळणी बदलाय पायजे, बारीक मणी वर राहतोय."
तुला काय वाटतं, कुठली लावू?
तिनं सांगितली. तीच लावली.

आणि मग ती संध्याकाळ.
दंडोबाच्या अंगानं ढग काळा होऊन उठला,
रॅकवर नऊ दिवसांचा माल उघडा,
मणेराजुरीतल्या सगळ्या शेडवर एकच धावपळ.
तेव्हा मी कुणाला काय वाटतं विचारलं नाही.
रेश्मा, दोर सोड! मालन, पूर्वेचा पडदा! अगं आधी पूर्वेचा!
हौसाक्काचा दंड धरून ढकललं तिला
ताडपत्रीच्या टोकाकडे, नाव घेऊन, अरे-तुरे करत.
साठीची बाई पळाली.
गारा पडल्या त्या पत्र्यावर,
मालावर एक नाही.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ती जवळ आली.
"काल वरडलीस, ब्येस केलंस.
आज वरडू नगंस."
पिशवीतनं तो जुना कागद काढला,
त्यावर चिमूटभर तंबाखू घेतली
आणि आपल्या ताटाकडे गेली.

हे त्या पोराला कसं सांगू?
एकाच वेलीची द्राक्षं, एकाच पिंपात बुडवलेली,
तरी वरच्या कप्प्यातली आधी वाळतात,
खालची चार दिवस अजून ओल धरून असतात.
रॅक एकदम झटकला
तर खालचा माल जाळीलाच चिकटतो.
रोज हात लावून बघावं लागतं.
आणि हातही कधी कधी चुकतो, माझा चुकलाच की.

आज सकाळी तो स्वतःच आला शेडमध्ये,
शर्टाच्या बाह्या दुमडून,
म्हणे, मीही जाळी झटकतो.
बायका तोंडाला पदर लावून हसल्या.
काही म्हणजे काही येत नाही त्याला.
मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले.
दोन्ही हातांनी धर.
अंगठा आत नको. हां.
आता खालून, हळू.
हळू म्हटलं ना.